नागपुरात आलेला समुद्र

सत्तरच्या दशकाच्या शेवटी माझा मोठा भाऊ नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत समुद्राचे पाणी गोडे करणारे पडदे तपासत असे. दाबाने पाणी ढकलले की मीठ अडवणारे, कागदासारखे पातळ. कोकणातल्या एका गावाची विहीर खारी झाली होती. तिथल्या छोट्या संयंत्रासाठी दोन पडद्यांतला एक निवडायचा होता: सेल्युलोजचा स्वस्त, किंवा परदेशी, महाग, अधिक टिकणारा. खरेदीची मंजुरी एकदाच मिळणार होती.

समुद्राचे पाणी कॅनमधून रेल्वेने यायचे. मे महिन्यात एक कॅन उघडला आणि सगळ्या मजल्यावर वास पसरला.

"साहेब, हे तर सडून राहिलं," मदतनीस म्हणाला. "समुद्राले नागपूरचं ऊन सोसलं नाही."

"मग टाक ना गा थोडं ब्लीचिंग," भाऊ म्हणाला.

नागपूर जिल्ह्यात कुहीपासून पारशिवनीपर्यंतच्या विहिरींत प्रयोगशाळेतल्या लोकांनी जंतू मारायला आयुष्यभर तीच पावडर टाकली होती. कोणाला त्यात वेगळे काही वाटले नाही. पुढे प्रत्येक कॅनमध्ये ब्लीचिंग पडत गेले. काही आठवड्यांत महागड्या पडद्यातून मीठ येऊ लागले. स्वस्त पडदा टिकला. भावाने त्याचीच शिफारस केली.

संयंत्र सुरू झाले तेव्हा मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. बायका नळाखाली ओंजळ धरून पाणी चाखत होत्या, पुन्हा धरत होत्या.

पावसाळा संपता संपता नळाचे पाणी खारट झाले. भाऊ तिकडे जाऊन पडदा घेऊन आला. तो जागोजागी विरला होता; जिवाणूंनी खाल्ला होता. संयंत्रात ब्लीचिंग पडत नव्हते. नागपुरात ब्लीचिंगमधल्या क्लोरिननेच जिवाणू मारून स्वस्त पडदा राखला होता आणि महागडा खराब केला होता.

आपली चूक झाली, असे भावाने वरिष्ठांना लिहून दिले. नवा स्वस्त पडदा आणि रोज थोडे ब्लीचिंग दिले तरी भागेल, हेही लिहिले. पण वरिष्ठांनी योजनाच अव्यवहार्य ठरवून बंद केली.

"काहून ताट समोर घेऊन बसले? जेवून घ्या न," त्या रात्री वहिनी भावाला म्हणाली.

"ते लोक काय पिऊन राहिले असतील वं?"

वहिनीने ताट उचलले.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्या गावी गेलो. बायका टेकडीपलीकडच्या झऱ्यावर जात होत्या. एकीने मला ओळखले.

"तुमचे भाऊ परत येतो म्हणाले होते. कधी येणार?"

"येणार नाहीत," मी सांगितले.

तिने हंडा डोक्यावर घेतला आणि ती चालू लागली.