वहिनींचा बेलवलीचा गोठा

निरोप आला तेव्हा मी अंबरनाथला कंपनीत होतो, पहिल्या पाळीला. वॉचमनने आत येऊन सांगितलं, पुतणीचा फोन आहे. सरिता एवढंच म्हणाली, "काका, आई गेली. सावकाश या." मी बदलापूरला पोचलो तोवर घरात माणसं जमली होती. रडू नीट आलंच नाही. वर्षभराच्या आजारपणाने वहिनींना थकवलं होतं आणि आम्हा सगळ्यांनाही. आता दीड महिना झाला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही झाला, पण तो थकवा काही अंगातून जात नाही.

सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मुरबाडकडच्या एका खेड्यातून त्या बदलापुरातल्या बेलवलीत आमच्या घरी आल्या. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांत दादाची कंपनी बंद पडली आणि दादा घरातून बाहेर पडेनासा झाला. तेव्हा वहिनींनी माहेरच्या ओळखीने दोन म्हशी आणल्या आणि घरामागच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर छप्पर घातलं. आपल्या घरात हा धंदा कुणी केला नाही, असं दादा म्हणत राहिला. वहिनी म्हणाल्या, माझ्या माहेरी सगळी म्हशींमागेच वाढली. बोलणं तिथेच संपलं.

सुरुवातीला त्या स्वतः चाळींतून दूध घालायच्या. एका बाईंनी आठवडाभर घेतलं, साय चांगली येते म्हणून कौतुकही केलं. मग एक दिवस त्यांनी विचारलं, तुम्ही राहता कुठे? वहिनींनी सांगितलं, बुद्धवाड्याच्या कडेला. दुसऱ्या दिवसापासून त्या बाईंना दूध नको झालं. मग त्यांच्या शेजारणीलाही. कुणी वाईट बोललं नाही, दारही आपटलं नाही... वहिनींनी उरलेल्या दुधाचं विरजण लावलं आणि मला विचारलं, उल्हासनगरला कुणी मिठाईवाला ओळखीचा आहे का.

तिथे तीन नंबर कॅम्पात एका सिंधी शेठचं मिठाईचं दुकान होतं. त्यांनी घर विचारलं नाही की गाव. दूध कढईत आटवलं, मावा किती उतरला ते पाहिलं आणि म्हणाले, "बाई, जितना है उतना भेजो."

तिथून धंदा लागला. दोनाच्या चौदा म्हशी व्हायला सहा-सात वर्षं गेली. मी पुष्कळ तबेले पाहिलेत. म्हैस आटली की विकायची आणि दुसरी आणायची, अशी तबेल्यांची रीत. वहिनी भाकड म्हैस विकत नसत. माहेरच्या माळावर पावसाळाभर तिला चारायला सोडत, गाभण राहिली की परत आणत. पारड्या घरातच वाढवल्या. सगळ्या म्हशी एकाच वेळी वितील असं होऊ दिलं नाही, त्यामुळे उन्हाळ्यातही कॅन भरलेले असायचे. पक्कं घर त्यावर झालं, सरिताचं नर्सिंगचं शिक्षण त्यावर झालं. दादा पुन्हा माणसांत आला. रोज टेम्पोने कॅन घेऊन तोच उल्हासनगरला जायचा.

आता जे लिहितोय ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

एका वर्षी ऐन दिवाळीच्या आठवड्यात एका म्हशीच्या कासेला सूज आली. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि पाच दिवस तिचं दूध कुणाला द्यायचं नाही म्हणून बजावलं. वहिनी ते वेगळ्या बादलीत काढून खड्ड्यात ओतायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. दादा बाहेरगावी होता, म्हणून धारा काढायला आणि कॅन भरायला मी गेलो. शेठची मागणी दिवाळीमुळे वाढलेली आणि एक कॅन अर्धा राहिलेला. मी ती बादली त्यात रिकामी केली... एवढ्या दुधात काय कळणार, असं वाटलं. टेम्पो गेला.

दहाच्या सुमारास वहिनी भिंत धरत गोठ्यात आल्या. खड्डा कोरडा होता. त्यांनी मला विचारलं, मी खरं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त डोक्याला रुमाल बांधला आणि रिक्षा आणायला सांगितली. रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, "आपलं दूध खराब निघालं तर लोक दुधाला नावं ठेवणार नाहीत, भावजी. आपल्याला ठेवतील."

दुकानात कढई नुकतीच चढवत होते. वहिनी शेठना म्हणाल्या, "आजचं दूध वापरू नका. आजारी म्हशीचं दूध त्यात पडलंय. चूक माझी आहे." मी शेजारी उभा होतो. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता. मी ते उघडलं नाही.

शेठनी सगळं दूध गटारात ओतायला लावलं. दूध घेणं बंद केलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचा माणूस आमचा प्रत्येक कॅन उघडून वास घ्यायचा, वाटीभर उकळून बघायचा आणि मगच आत न्यायचा. पुढे कितीतरी वर्षं हे चाललं. कॅन तपासून होईपर्यंत दादा रस्त्यावर ताटकळत उभा. घरी आला की वहिनींवर तोंड टाकायचा. तुझ्या हलगर्जीपणामुळे मला रोज चोरासारखं उभं राहावं लागतं, हे वाक्य मी स्वतः त्या घरात चहा पिताना ऐकलंय. वहिनी पेंड कालवत राहायच्या. माझ्याकडे बघायच्याही नाहीत.

नव्वदीनंतर बेलवलीत इमारती उठल्या. वासाच्या, माश्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. वैरणीची जागा भरावाखाली गेली. वहिनींनी एकेक म्हैस काढली. गिऱ्हाइकाला आधी विचारायच्या, भाकड झाल्यावर काय कराल? उत्तर पटलं नाही तर त्याला परत पाठवायच्या. शेवटी त्याच जागेवर इमारत झाली आणि दुसऱ्या मजल्यावर दादा-वहिनींना घर मिळालं. गुडघे आणि पाठ तोवर कामातून गेली होती. मग आजारपण आलं.

सांगायचं मी दरवेळी पुढे ढकललं. आधी लाजेने, नंतर इतक्या उशिरा कशाला म्हणून. पुण्यानुमोदनानंतरच्या रविवारी मात्र दादाला सगळं सांगितलं. तो खिडकीशी उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "आता सांगतोस?"

तो वळून वहिनींच्या कॉटकडे गेला. वर्षभर त्या एकाच कुशीवर पडून होत्या, गादी तिथे अजून खोल दबलेली आहे. दादा कॉटवर बसला, तेवढी जागा सोडून.