चार मीटर तेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझ्या पोटात काही राहत नाही अशी तिचीच तक्रार असते.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी जमली की पुतणे ओरडतात, ‘‘काका, वैशालीताईची उडी!’’ मग मी पळून दाखवतो, फळीवर पाय मारून दाखवतो – माझ्याआधी माझं पोट उडतं – आणि शेवटी हात वर करून म्हणतो, ‘‘चार मीटर तेरा! एका सेंटीमीटरने पहिली!’’ टाळ्या पडतात. गोष्ट चांगलीच आहे. फक्त त्यातला तो सेंटीमीटर माझा आहे.

मी गणिताचा मास्तर. शिंदखेड्याला तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. लांब उडीच्या खड्ड्यावर नाना होते – निवृत्त क्रीडाशिक्षक, गुडघे गेलेले, तरी प्रत्येक उडीला वाळूत बसून टेपचं शून्याचं टोक खुणेवर स्वतः धरायचे. फळीकडचा आकडा मी वाचायचा आणि लिहायचा. सकाळीच त्यांनी नियम सांगितला होता, ‘‘सर, वर्गात तुम्ही अर्ध्याच्या पुढे गेलं की पुढचा आकडा धरता. इथे नाही. भरला नाही तो सेंटीमीटर आपला नाही. खालचा लिहायचा.’’ केवढा सुंदर नियम! कुणाच्याही पदरात न उडलेलं काही टाकायचं नाही. मला तो तेव्हाही आवडला होता. म्हणून तर जास्त लाज वाटते.

शेवटी दोघीच उरल्या. एक सुनंदा, जवळच्या खेड्यातली, अनवाणी उडायची. दुसरी वैशाली – माझ्या थोरल्या भावाची मुलगी, शाळेसाठी माझ्याच घरी राहिलेली. जिल्ह्याला, धुळ्याला, एकीलाच जायचं होतं.

सुनंदाची शेवटची उडी. टेपवर चार मीटर बारा, आणि वर आठ मिलिमीटर. मी नियमाप्रमाणे लिहिलं : चार बारा.

मग वैशाली. चार मीटर बारा – वर सहा मिलिमीटर. म्हणजे तिचेही चार बारा. बरोबरी. आणि बरोबरीत दुसरी चांगली उडी बघतात. ती सुनंदाची मोठी होती, कागदावर माझ्याच अक्षरात.

नानांनी वाळूतून विचारलं, ‘‘किती, सर?’’

मी म्हणालो, ‘‘चार तेरा.’’

वर्गातला नियम आठवला, असं म्हणू? गणिताची सवय, असं? पण दहाच मिनिटांपूर्वी आठ मिलिमीटर सोडताना ती सवय कुठे गेली होती? वर्गातला नियम लावला तर दोघींचे तेरा. नानांचा लावला तर दोघींचे बारा. आणि कुठलाच न लावता नुसती टेप बघितली, तर सुनंदाच दोन मिलिमीटर पुढे. कशीही मोजा, ती पहिली होती. तिला हरवायला दोन नियम लागले – एकीला एक, दुसरीला दुसरा.

नाना उठून बघायला आले नाहीत. ‘‘गणितवाले सर आहेत,’’ म्हणाले, ‘‘बघायचं काय त्यात?’’

सुनंदा वैशालीपाशी आली. ‘‘भारी उडी मारी वं तू!’’ म्हणाली. मग खड्ड्याकडेचं दाताळं उचलून तिने वाळू सारखी केली – पुढच्या गटासाठी. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोघींच्याही खुणा पुसल्या गेल्या, आणि मी – मी सुटलो, असं वाटलं मला.

वैशाली आता जळगावला क्रीडाशिक्षिका आहे. गेल्या हिवाळ्यात तिच्या शाळेच्या स्पर्धा बघायला गेलो. टेप तीच वाचत होती, डोळे टेपला लावून. एक वडील हुज्जत घालत होते, ‘‘मॅडम, अर्ध्याच्या वर गेलंय, धरा की पुढचा!’’

‘‘नाही धरता येत, भाऊ,’’ ती शांतपणे म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवलं. ‘‘ते माझे काका. माझी उडी त्यांनीच मोजली होती. त्यांनी मला एक मिलिमीटर जास्त दिला नाही.’’

ते गृहस्थ माझ्याकडे बघून चक्क आदराने हसले. माझ्या हातात मीठ लावलेला पेरू होता. मी तो खात राहिलो.

तो कागद मला पाठ आहे. तो असा हवा होता :

सुनंदा – चार मीटर बारा, दुसरी उडी चार मीटर नऊ.
वैशाली – चार मीटर बारा, दुसरी उडी चार मीटर चार.
पहिली, सुनंदा.