मामांचा हरभरा

हैदराबादच्या अफझलगंजात दुकानापुढे ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या तापल्याचा वास आला की मामांचा हरभरा आठवतो. कमी पाण्यात पीक घ्यायचं आमच्या शेती संस्थेतलं संशोधन तेव्हा जोरात होतं. मी इथूनच फोनवर सांगितलं, "मामा, मी म्हणेपर्यंत पाणी देऊ नका," आणि साफ विसरलो. हरभरा फुलोऱ्यात सुकायला लागला तशी मामी मोटर लावायला निघाली, तर मामांनी तिला अडवलं, "भाच्याचा फोन येऊ दे." सगळी फुलं गळाली. पुढे मी गावी गेलो तेव्हा ओसरीवर शेजारी मामांना हसत होते, "काय पटेल, विहीर भरलेली अन् चना वाळला? नशेत होते क्या?" मामा म्हणाले, "विसरलो बाबा पाणी द्यायचं." समोर बसून मी चहा प्यायलो. मामा आता नाहीत. गावात मात्र आळशी माणसाला अजून त्यांच्याच नावानं चिडवतात.