समोशातली न्हाणी

बांधकाम कितीबी नेमकं केलं तरी शेवटी कोपऱ्यात अद्ध्या विटांचा ढीग उरतोच. त्या भिंतीत बसत नाहीत, अन् फेकायला जीव होत नाही. माझ्याकडं किश्श्यांचा असाच ढीग साचलाय. जलमभर गवंडीकाम केलं, त्यात न्हाण्याच जास्त बांधल्या. त्यातले हे थोडे अद्धे. बसा निवांत, मी हळू सांगतो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. ऑफिसं आली, त्यांच्यामागं माणसं आली. सगळ्यांना भाड्यानं खोल्या पाहिजेत, अन् पहिला सवाल एकच, "बाथरूम आहे का?" आमच्याकडं तवर आंघोळ म्हंजे अंगणातला दगड अन् वर आभाळ. मग घरमालक लागले जागा हुडकायला. जिन्याखाली, दोन भिंतींच्या फटीत, जिथं मांजर व्यायचं तिथं बाथरूम! अन् त्याच सालांत पावसानं दगा दिला. बाथरूम घरोघर झाली, पाणी कुठंच न्हाई!

*

माझे जोडीदार गफूरभाई. अंगानं दांडगे, दार भरून उभे राहायचे. आमच्याकडं कागदावरचा प्लॅन नसायचा. जागेवर खडूनं रेघा मारायच्या, मधी गफूरभाईंना बसवायचं, हातात रिकामा तांब्या द्यायचा अन् म्हणायचं, "न्हावा!"

गफूरभाई मन लावून कोरडी आंघोळ करायचे. डोक्यावर तांब्या उपडा करायचे, काखेत साबण लावायचे, पाठ चोळायचे, सगळं बिनपाण्याचं. कोपर रेघेच्या बाहेर गेलं नाही की न्हाणी पास.

एकदा बाजारामागच्या बोळात असंच माप चाललं होतं. कुण्या बाईनं खिडकीतून बघितलं. जरा वेळानं वळून बघतो तर बोळात घागरींची रांग!

"नळ कुठं आलाय हो?"

गफूरभाई डोळे मिटून डोकं चोळण्यात दंग. एक म्हातारी पुढं आली. म्हणाली, "लेकरा, एवढं न्हाऊन राहिलास, आमच्यासाठी तांब्याभर ठिव की!"

गफूरभाईंनी डोळे उघडले अन् तांब्या उलटा करून दाखवला. थेंब न्हाई. म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् शेजारणीला हळूच म्हणाली, "दुष्काळ डोक्यात गेला गं बाई. माणूस चांगल्या घरचा दिसतो."

*

मन्मथअप्पांचं काम आलं ते ह्याच दिवसांत. अप्पांचं कापडाचं दुकान होतं. आदल्या साली अर्धांगाचा झटका आला अन् डावा हात गेला. डावा पाय ओढत चालायचे. आंघोळ अंगणातल्या दगडावर, पाणी घालायची त्यांची बायको शांताक्का.

आता अप्पा लिंगायत माणूस. आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय च्याचा घोट घेणार न्हाईत. पुढच्या खोल्या भाड्यानं दिल्यावर सकाळभर अंगणातून भाडेकरूंची, त्यांच्या बायकांची ये-जा. "एवढ्या माणसांत मला बायकोनं लेकरासारखं न्हाऊ घालावं व्हय?" असं म्हणून अप्पा सगळे ऑफिसला जाईपर्यंत पारोसे बसायचे, उपाशी. ते जेवले न्हाईत म्हणून शांताक्का बी उपाशी.

अप्पा मला म्हणाले, "मिस्त्री, लहान असू दे, वाकडी असू दे. पण माझ्या हातानं न्हाता आलं पाहिजे. अन् दाराला आतून कडी पाहिजे."

"कडी नको!" शांताक्का आतून ओरडल्या. "कडी लावल्यावर पडलात तर?"

"तर पडल्या जागी न्हाईन! कडी पाहिजेच!"

जागा होती जिन्याखाली, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून. तीन कोपऱ्यांची. एका बाजूला माणूस उभा राहील, दुसऱ्या बाजूला जिना खाली उतरत जमिनीला टेकलेला. गफूरभाईंनी वाकून बघितलं अन् म्हणाले, "मिस्त्री, समोसे में आदमी भरना है क्या?"

*

पण काम लगेच सुरू होईना. माल कालवायला एका वेळी एकाच कामापुरतं पाणी मिळायचं. म्हणून आधी हातातली जुनी कामं उरकली. त्यात एक नांदेडचे साहेब होते. त्यांना शॉवर पाहिजे.

मी म्हणलं, "साहेब, इथं घागरीला पाणी न्हाई."

साहेब म्हणाले, "मी गोदावरीकाठचा माणूस आहे. वरून धार पडल्याशिवाय मला आंघोळ केल्यासारखं वाटतच नाही."

बसवला शॉवर. पुढं त्यांची बदली झाली. जाताना मुद्दाम भेटायला आले. म्हणाले, "मिस्त्री, शॉवर एकदम मजबूत बसवलात! रोज ओला टॉवेल अडकवत होतो, एवढासाही हलला नाही!"

*

दुसऱ्या एका मास्तरांच्या घरी तर आमचीच गंमत झाली. बांधकामाचं पाणी लोक उचलून न्यायचे. म्हणून पाण्याचं टिपाड, चांगलं मोठं लोखंडी पिंप, आम्ही न्हाणीच्या जागेवरच ठेवलं, अन् त्याच्या भोवतीनंच भिंती चढवत गेलो. चौकट बसली, गिलावा झाला, वर स्लॅब पडला. शेवटी टिपाड काढायला गेलो तर ते दारातून निघंना! आडवं केलं, तिरपं केलं, गफूरभाईंनी मिठी मारून बघितलं. न्हाईच.

मी खाली मान घालून मास्तरीणबाईंना म्हणलं, "चौकट काढून देतो बाई, चूक आमची."

बाई आत गेल्या, टिपाडाभोवती अंग चोरून फिरल्या, अन् हसतच बाहेर आल्या. "राहू द्या हो मिस्त्री! आमचं टिपाड चोरीला जाणार न्हाई, असं साऱ्या गल्लीत माझंच एकटीचं!"

*

मग अप्पांचं काम धरलं. खडूनं रेघा मारल्या. जिना उतरतो त्या अरुंद कोपऱ्यात माणूस मावत न्हाई, पण बादली मावते. मधी बसायला विटांचा ओटा, अन् अप्पांना धरून उठता यावं म्हणून भिंतीत लोखंडी पाईप. दार बाहेर उघडणारं, न्हाईतर गुडघ्याला लागंल. गफूरभाई दाराकडं तोंड करून बसले, न्हाले. कोपर रेघेच्या आत. पास!

अप्पा काठी टेकत आले. गफूरभाईंच्या जागी बसले, बादलीच्या कोपऱ्याकडं बघितलं, अन् उजव्या हातानं आपला डावा हात उचलून मांडीवर ठेवला. बादली डाव्या अंगाला होती.

मग गफूरभाईंनी खांद्यावरचा गमछा काढला, मला म्हणाले, "बांध." मी त्यांचा डावा हात अंगाशी बांधला. ते परत रेघेत बसले. उजवा हात तांब्या घेऊन बादलीपाशी जाईना. पुढून वाकले तर तोल जायला लागला.

"कोपरा दुसरीकडं न्हेता येतो का?" शांताक्कांनी विचारलं.

"जिना कसा फिरवता, अक्का?" मी म्हणलं.

गफूरभाई बसल्या जागी सरकत सरकत पार उलटे फिरले. आता पाठ दाराकडं, अन् अरुंद कोपरा उजव्या हाताला. तांब्या बुडवला, डोक्यावर ओतला. कोरडाच, पण अप्पांच्या चेहऱ्यावर पाणी आल्यासारखं दिसलं!

"म्हंजे मी दाराकडं पाठ करून बसायचं?"

"हाव अप्पा. उठून वळलं की कडी हाताशी."

"मग बांधा!"

*

राहिला सांडपाण्याचा उतार. चांगल्या पावसाच्या सालात शेजाऱ्याच्या बाजूला भोक पाडायचं म्हणलं की काठ्या निघतात. पण शेजारचे हणमंतराव भिंतीवरून च्याची किटली घेऊन हजर!

"मिस्त्री, उतार आमच्याकडं द्या. कढीपत्ता वाळून राहिलाय."

शांताक्का म्हणाल्या, "वा हो! अन् आमच्या तुळशीनं काय करावं?"

हणमंतराव म्हणाले, "अक्का, तुळशीला माझ्याकडून रोज तांब्याभर. पण अप्पांचं पाणी आमचं!"

उतार त्यांच्याकडं दिला. गफूरभाई च्या पीत म्हणाले, "पहिल्यांदाच घाण पाण्यासाठी च्या मिळाला."

*

पहिल्या आंघोळीच्या दिवशी आम्ही मुद्दाम सकाळीच गेलो. भाडेकरूंची ये-जा चालू होती. अप्पा त्यांच्यातूनच, खांद्यावर पंचा टाकून, काठी टेकत, नवरदेवासारखे चालत गेले. आत बादलीभर पाणी ठेवलेलं. दार लागलं. कडी लागली.

शांताक्का दाराशी खाली बसल्या. रोज पाणी घालायचा त्यांचा हात नुसताच मांडीवर पडलेला. आतलं काही दिसंना. पण भिंतीपलीकडं हणमंतराव भोकापाशी बसलेले होते, ते ओरडले, "आलं! पाणी आलं!"

शांताक्कांनी हात जोडले.

"आलं! परत आलं! साबणाचा फेस बी आला!"

मी अन् गफूरभाई एकमेकांकडं बघून हसलो. मग पलीकडचा आवाज बंद झाला. वाट बघितली. काहीच न्हाई.

"थांबलं की हो!" हणमंतराव म्हणाले.

शांताक्का उठल्या. "मी सांगत होते, कडी नको म्हणून!" दार वाजवलं. "अहो! पडलात का?"

आतून आवाज न्हाई. गफूरभाई दाराला खांदा लावायला पुढं झाले.

"शांता," अप्पांचा आवाज आला.

"काय झालं? पडलात का?"

"न्हाई गं." मग आवाज बारीक करून म्हणाले, "पाठ राहिली."

पाईप धरून उठल्याचा आवाज आला. मग कडी सरकली. शांताक्कांनी आमच्याकडं बघितलंच न्हाई. पदर खोचला, अंग चोरून आत गेल्या. दार लागलं. अन् आतून कडी लागली.

गफूरभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "मिस्त्री, दो आदमी का माप तो लियाच नहीं!"

भिंतीपलीकडून हणमंतराव ओरडले, "आलं! पुन्हा आलं!"