ओठ कितव्या महिन्यात जुळतो

माझा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला. लहानपणी दवाखान्यात शिवून घेतला, व्रण तेवढा राहिला. त्याचं खापर आईच्या डोक्यावर फुटलं. मी पोटात असताना तिनं ग्रहणात वांगं चिरलं म्हणे! आई कधी उलटून बोलली नाही. कोणी माझ्या तोंडाकडे निरखून पाहायला लागलं की ती आत निघून जायची. मला त्या पाहणाऱ्यांपेक्षा तिच्या गप्प बसण्याचाच जास्त राग यायचा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नागपुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. उबवलेल्या अंड्यांतले भ्रूण आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचो. चेहरा काही अख्खा येत नाही. वेगवेगळे फुगवटे वाढत वाढत एकमेकांना भिडतात आणि जुळतात. एक पेशी शेजारणीला निरोप धाडते, त्या निरोपावर शेजारणीतली ठरावीक जनुकं जागी होतात. निरोप नेमका कोणता, हे आमच्या सरांनाही ठाऊक नव्हतं आणि तसं सांगायला ते लाजतही नव्हते. वेळ मात्र पक्की ठाऊक होती. माणसाचा वरचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो. जुळायचा राहिला तर तेव्हाच राहतो.

त्याच सुमारास वहिनीला दिवस होते आणि सूर्यग्रहण आलं. काटोलहून आत्या मुद्दाम पहारा द्यायला आली. वहिनीला सकाळपासून पाण्याचा घोट नाही, खाटेवर सरळ निजवलेलं. माझ्याकडे बोट दाखवून आत्या तिला म्हणाली, "पाहून घे वं. हिच्या मायनं ऐकलं नाही. डोहाळजेवणाले आली होती मी, माह्या डोळ्यानं पाह्यलं तिले चिरताना!"

माझं डोकं सणकलं. "आत्या, डोहाळजेवण कितव्या महिन्यात केलं होतं?"

"सातव्यात. काहून?"

"माहा ओठ दुसऱ्याच महिन्यात जुळाचा राहिला. आईनं वांगं चिरलं तवा तं तो कवाचाच फाटका होता."

"चार बुकं शिकली तं मले शिकवून राहिली काय वं?"

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती रडेल असं मला वाटलं. ती स्वयंपाकघरात गेली, तुळशीपत्र ठेवून झाकलेला वरणभात ताटात वाढून घेऊन आली आणि वहिनीला म्हणाली, "ऊठ वं, जेव."

"अवं, गिराण सुटलं नाही अजून!" आत्या ओरडली. "लेकराले काही झालं तं?"

"झालं तं माह्या नावावर टाका," आई म्हणाली. "टाकाची सवय हाये तुमाले."