गरम झाली की अडणारी गाडी

तापलेल्या लोखंडावर ओलं फडकं पडल्याचा वास आला की मला आमची जुनी गाडी आठवते. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि यांचं नवं ऑफिस शंकर नगरात, एका भाड्याच्या बंगल्यात होतं. सकाळी थंड गाडी एका सेल्फात सुरू व्हायची, संध्याकाळी मात्र यांना रोज उशीर. "ऑफिसजवळच्या पानठेल्यावर थांबलो का गरम गाडी सुरूच होत नाही. पंपात पेट्रोलची वाफ होते, ओलं फडकं ठेवून बसा लागते," हे सांगायचे. मला ते काही पटेना. एका रविवारी मी मुद्दाम सोबत गेले. सदर बाजारात थांबलो, गाडी लगेच सुरू झाली. पंडरीच्या कापड बाजारातही झाली. "मग शंकर नगरातच काहून बंद पडते?" मी विचारलं. "चाल, दाखवतो तुले," हे चिडून म्हणाले. त्या पानठेल्यापाशी थांबून यांनी पुन्हा किल्ली फिरवली, तर इंजिन खरंच नुसतं घरघरत राहिलं. मी खजील झाले. पण यांनी बॉनेट उघडायच्या आतच समोरचं फाटक वाजलं आणि एक बाई निळ्या काठाचा ओला टॉवेल पिळत बाहेर आली. "आज फिर, भैया?" म्हणाली, आणि मला बघून जागीच थांबली. पुढे मेकॅनिकने पंप बदलला, गाडी नीट चालू लागली, मग विकलीही. दोष पंपातच होता, असं हे आजही सांगतात. मी हव म्हणते. पण निळ्या काठाचा तो टॉवेल पंडरीतून मीच आमच्या घरासाठी आणला होता.