खर्ड्याच्या वस्तीवर लागलेलं कनेक्शन

आमच्या घरात रविवारी चर्च आणि उरलेले सहा दिवस विज्ञान. माझे वडील नगरच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायचे. अमुक ठिकाणी काहीतरी दिसतं असं कुणी म्हणालं की ते लगेच म्हणायचे, "चल, टॉर्च घे, बघून येऊ." दोन-तीनदा गेलोही होतो. काही दिसलं नाही. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात मी कधी काही लिहीन असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात एका जुन्या वहीत त्या दिवसाच्या नोंदी सापडल्या... म्हटलं, लिहून टाकावं. ज्याला जे समजायचं ते समजेल.

साल १९९९, थंडीचे दिवस. मी सव्वीस वर्षांचा, नगरच्या सावेडीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात हार्डवेअरचं काम करायचो. त्या वर्षी सगळ्यांना एकच काळजी – २००० साल लागताच, एक जानेवारीला, कॉम्प्युटर बंद पडणार का? अशात एक गुरुजी दुकानात आले. खर्ड्याच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर एका वस्तीत राहणारे निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा लग्न होऊन मस्कतला होती. जावयाने ओळखीच्या माणसाबरोबर एक कोरा करकरीत लॅपटॉप पाठवला होता. प्रज्ञाला सातवा महिना, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं. परदेशातून फोन परवडत नाही, तर निदान रोज ई-मेल तरी करता येईल, एवढाच हेतू.

"लागतं हो," गुरुजी म्हणाले, "पण लगेच तुटतं. दोन ओळी वाचून होत नाहीत, तोवर जातं."

त्यांच्या वस्तीचा फोन तारेचा नव्हता, वायरलेस होता. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना आठवेल – घराच्या छपरावर लोखंडी खांब, त्यावर अँटेना, बाजूला सोलर पॅनेल, आणि घरात भिंतीवर पत्र्याची पेटी. अख्ख्या वस्तीचा तो एकच फोन, गुरुजींच्या पडवीत. पेटीतून वायर काढून लॅपटॉपला जोडायची. असल्या फोनवर इंटरनेट चालणं म्हणजे बैलगाडीला गिअर लावण्यातला प्रकार. पण मालक म्हणाले, "जा, बघून ये." गेलो.

पहाटेची एस. टी. पकडून जामखेड, तिथून खर्डा. फाट्यावर गुरुजी लुना घेऊन उभे होते. "जय भीम. नाव काय म्हणालात?" "शमुवेल." "बसा, शमुवेल."

साडेनऊला काम सुरू केलं. लॅपटॉपमधलं मोडेम तपासलं – ठीक. वायर बदलून पाहिली. स्पीड मुद्दाम सगळ्यात कमी करून ठेवला. कनेक्शन लागायचं, आणि तुटायचं. कधी तीन मिनिटांनी, कधी सात, एकदा तर चाळीस सेकंदांत. ठराविक वेळाने तुटत असतं तर कारण शोधता आलं असतं. मी वहीत दर वेळची मिनिटं-सेकंद लिहीत होतो.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला गुरुजींची बायको शेंगा फोडत बसली होती. सगळे तिला आक्का म्हणत. साठीची, बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. माझ्याकडे तिची पाठ होती.

"गेलं," ती म्हणाली.

मी स्क्रीनकडे पाहिलं. कनेक्शन चालू होतं. मी तिला सांगायला तोंड उघडलं... आणि कनेक्शन तुटलं.

पुन्हा लावलं. पाच मिनिटं गेली. शेंगा फोडता फोडता – "गेलं." मी मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार... तुटलं.

तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी हसून विचारलं, "आक्का, तुम्हाला ऐकू येतं का काही? पेटीतनं टिक वगैरे?"

"न्हाई बा. काय बी न्हाई येत ऐकू."

"मग कसं कळतं?"

"कळतं." एवढंच.

गुरुजी ओशाळले. "अहो, आमच्या घरात अंगात येणं, देवऋषी, असलं काही चालत नाही. मी आयुष्यभर पोरांना तेच शिकवलंय. योगायोग असेल."

मलाही तसंच वाटलं. पेटीतली रिले, म्हणजे आतला स्विच, कनेक्शन तुटायच्या आधी बारीकसा आवाज करत असेल, तिचे कान तिखट असतील. वडिलांचा मुलगा मी... टॉर्च घेऊन बघायला नको का? मी म्हटलं, "गुरुजी, आक्कांना घेऊन विहिरीपाशी जा. त्या 'गेलं' म्हणाल्या की तुम्ही उपरणं वर करा."

विहीर दोनशे पावलांवर. पडवीच्या दारातून सरळ दिसायची. मध्ये ज्वारीचं रान, वारा वाहत होता. तिथे पेटीचा आवाज पोचणं शक्यच नव्हतं. मी एक डोळा घड्याळावर आणि एक डोळा त्या दोघांवर ठेवून बसलो.

उपरणं सहा वेळा वर झालं. सहाही वेळा चार ते पाच सेकंदांनी कनेक्शन तुटलं. आणि एकदाही असं झालं नाही की उपरणं वर न होता ते तुटलं.

भीती वाटली नाही, खरंच नाही. लहानपणी पहिल्यांदा दुर्बिणीतून चंद्रावरचे खड्डे पाहिले होते, तेव्हा वाटलं होतं तसं वाटलं. ती दोघं रानातून परत येताना दिसत होती. पुढे गुरुजी खाली मान घालून, मागे आक्का, पदराने तोंड पुसत. मी त्या साध्या बाईकडे बघतच राहिलो.

ते पडवीत पोचले तेव्हा मी मेल उघडण्याचा प्रयत्न करत होतो. एक नवीन मेल उतरायला लागली. फक्त विषयाची ओळ आली – 'प्रज्ञा हॉस्पिटलमध्ये आहे. अर्जंट.'

"गेलं," आक्का म्हणाली. आणि गेलं.

घड्याळात अकरा वीस. त्यानंतर मी वीस-पंचवीस वेळा डायल केलं. नो डायल टोन. नो डायल टोन. फोनचा रिसीव्हर कानाला लावला... साधी घरघरसुद्धा नाही. पेटीवरचा हिरवा दिवा गेला होता, लाल लागला होता. मी छपरावर चढलो, अँटेनाच्या जोडण्या साफ केल्या, बॅटरी तपासली. सगळं ठीक. म्हणजे दोष आमच्याकडे नव्हता, पलीकडे कुठेतरी होता.

गुरुजी उपरण्याचा पिळा करून उभे होते. "खर्ड्याला जातो, तिथनं फोन करतो," म्हणाले आणि लुना काढली. पण जावयाचा हॉस्पिटलमधला नंबर कुणाकडे होता? घरच्या नंबरवर कोण असणार? ते तरीही गेले. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं... सकाळी साडेनऊपासून मी हीच लाईन अडवून बसलो होतो. जावई फोन करत असेल तर त्याला दर वेळी एंगेज लागला असणार. माझ्या त्या प्रयोगासाठी! मला आक्काकडे बघवेना.

ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. रडत नव्हती. एकच्या सुमाराला गुरुजी परत आले. खर्ड्याहून लावलेला फोनही मस्कतला कुणी उचलला नव्हता. तेवढ्यात आक्का उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवला.

"लाव."

"आक्का, फोनच बंद आहे. लाल दिवा बघा."

"लाव म्हनते ना, शामूदादा. आता न्हाई तुटायचं."

तिचं मन राखायला म्हणून मी बटण दाबलं. एरवी मोडेम केवढं कर्कश किंचाळायचं... त्या वेळी काहीही आवाज झाला नाही. आणि स्क्रीनवर आलं – कनेक्टेड. मी भिंतीकडे पाहिलं. लाल दिवा तसाच होता.

मेल उतरली. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, मी मोठ्याने वाचत गेलो. 'प्रज्ञाला रात्री खूप ताप भरला, पाणी जायला लागलं म्हणून ॲडमिट केलं. डॉक्टर इंजेक्शन सुरू करणार आहेत. ती ग्लानीत आहे, एवढंच म्हणते की लहानपणी एका इंजेक्शनने मी मरता मरता वाचले होते, आईला विचारा. कुठलं इंजेक्शन? तुमचा फोन सकाळपासून एंगेज लागतोय. मी मेलवर थांबलोय.'

गुरुजी आक्काकडे वळले. "मला नाव नाही आठवत गं! तू सांग, काय होतं?"

"जामखेडच्या डागदरानं चिठ्ठी लिवून दिलती. 'ही जपून ठिवा, जल्मभर दाखवा' म्हनले हुते. तुमच्या सर्व्हिसच्या कागदात हाय." तिने लॅपटॉपवरचा हात हलवला नाही. "जावा, बघा."

गुरुजींनी पत्र्याची ट्रंक पडवीत उपडी केली. नेमणुकीचे हुकूम, बदल्यांचे कागद... आणि एका पाकिटात पिवळी पडलेली चिठ्ठी. इंग्रजी अक्षर गिचमिड होतं, पण वाचता आलं – पेनिसिलीन. त्याखाली दोन रेघा मारलेल्या.

मी टाइप केलं. मेल गेली. मग आम्ही तिघं उत्तराची वाट बघत बसलो. पाच मिनिटं. दहा. पंधरा. सकाळपासून सात मिनिटांच्या वर न टिकलेलं कनेक्शन हललं नाही. आक्काला धाप लागली होती, जणू ओझं उचलून उभी आहे. गुरुजी म्हणाले, "दमलीस का?" तिने मानेनेच नाही म्हटलं.

उत्तर आलं. 'मिळालं. सुई लावायच्या बेतातच होते. थांबवलं, दुसरं औषध देतायत.'

गुरुजींनी चिठ्ठी परत पाकिटात घातली. आक्काने दोन-तीन मोठे श्वास घेतले, म्हणाली, "आता जाईल," आणि हात काढला. कनेक्शन गेलं. वहीत नोंद आहे : एक दहा ते एक बावन्न.

संध्याकाळी लाईनमन आला. वस्तीचा फोन बंद का, हे सांगायलाच आला होता बिचारा. "एक्सचेंजातलं वायरलेसचं मशीन बिघडलं. अकरा वीसला आमीच बंद केलं, त्यातलं कार्ड काढून साहेब नगरला घेऊन गेलं. पाच गावचं फोन बंद हाईत. उद्याच्याला व्हईल चालू."

"दुपारी एक-दीडला चालू होतं का मध्ये?"

"कसं आसंल? कार्डच न्हाई त्यात! रिकामी पेटी हाय ती."

मी त्याला वही दाखवली. तो हसला. "घड्याळ चुकलं आसंल, साहेब."

घड्याळ चुकलं नव्हतं. जावयाने आमच्या मेलचा प्रिंट पुढे पाठवला, तो मी पाहिला आहे. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, तो फरक धरला तरी वेळ मिनिटाला जुळते. प्रज्ञा वाचली. मुलगी झाली, दीड किलोची, महिनाभर काचेच्या पेटीत ठेवली होती. आता ती स्वतः नोकरी करते.

मी बऱ्याच जाणकारांना विचारलं. कुणी म्हणालं, शेजारच्या एखाद्या एक्सचेंजची लहर पकडली असेल. पण त्या फोनला दुसरं एक्सचेंज पकडताच येत नाही, हे तोच माणूस पुढच्या वाक्यात कबूल करायचा. वडिलांना सांगितलं. त्यांनी टॉर्चचं नाव काढलं नाही.

निघताना मी आक्काला पुन्हा विचारलं होतं, तुटणार हे कसं कळायचं? ती थोडा विचार करून म्हणाली, "परज्ञा पोटात हुती तवा लाथ मारायच्या आधी मला कळायचं. तसंच." आणि दुपारचं? ते कसं लागलं? तर म्हणाली, "ते मला बी न्हाई ठाव."

दुसऱ्या दिवशी दुकानात नेहमीचा रिपोर्ट भरायचा होता. त्यात दोन रकाने असायचे, 'दोष' आणि 'उपाय'. पहिल्यात लिहिलं, 'एक्सचेंजमधील यंत्र बंद.' दुसरा कोरा ठेवून सही केली. मालक म्हणाले, "अरे, काय केलंस ते लिही की."

मी काय केलं होतं? लाव म्हणाली, तेव्हा लावलं.